अनुभवापूर्वीची तयारी : एका अळंबीच्या निमित्ताने

प्रस्तुत लेखाचा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकास न शोभणारा आहे, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु जो प्रश्न वसतिगृहाच्या खोल्यांतून कुजबुजत विचारला जातो, तो अंकाच्या पानावर मोकळेपणाने घेतला तर त्याचे उत्तर निदान जबाबदारीने देता येते, अशी माझी समजूत आहे. तो प्रश्न असा : सायलोसायबिन नावाचे द्रव्य जिच्यात असते, जिला हल्ली 'जादूची अळंबी' म्हणतात, ती पहिल्यांदा खायची तर कोणती तयारी करावी?

मी तृतीय वर्ष कला वर्गात मानसशास्त्र हा विषय घेतला आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोन-तीन वेळा तरी येतो. "वाईट आहे, नाद सोडा" एवढे एका वाक्यात सांगून मोकळे होता येईल. पण विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि मग तो मोबाइलवर कोणा अनोळखी माणसाला विचारतो. म्हणून यासंबंधी मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की, प्रश्नातला महत्त्वाचा शब्द 'अळंबी' हा नसून 'तयारी' हा आहे. या अळंबीशी ज्यांनी ज्यांनी गांभीर्याने व्यवहार केला, मग ते मेक्सिकोच्या डोंगरातील वैदू असोत की अमेरिकेतील डॉक्टर, त्या सर्वांनी तयारीला द्रव्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व दिलेले आहे. ती तयारी म्हणजे नेमके काय, आणि ती आपल्याला येथे धुळ्यात वा जळगावात करता येण्याजोगी आहे काय, एवढ्याच दोन मुद्द्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

द्रव्याची ओळख

स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली मेक्सिकोतील अळंबीतून सायलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले. पोटात गेल्यावर शरीर त्याचे सायलोसिन या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करते. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचा एक रासायनिक निरोप्या असतो. सायलोसिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे सेरोटोनिनसाठी असलेल्या कुलपांत ही परकी किल्ली बसते. साधारण अर्ध्या तासात परिणाम जाणवू लागतो, दीड-दोन तासांत तो शिगेला पोहोचतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. रंग व आकार बदलतात, डोळे मिटले तरी आकृत्या दिसतात, काळाचे भान सुटते, आणि 'मी' व 'माझ्याबाहेरचे जग' यांतील रेघ पुसट होते. नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढतो, मळमळही होते.

अफूसारखी शरीराला चटक लावणारी ही वस्तू नाही, हे खरे आहे. पण त्यावरून ती निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे विहिरीत साप नाही म्हणून पोहता न येणाऱ्याने उडी मारण्यासारखे आहे. येथे धोका मुख्यतः शरीराला नाही, मनाला आहे. आणि मनाच्या हातून मग शरीरालाही आहे.

मनःस्थिती आणि परिस्थिती

दारू पिणाऱ्या दहा माणसांवर कमीअधिक प्रमाणात एकाच तऱ्हेचा परिणाम होतो. सायलोसायबिनचे तसे नाही. एकच माणूस, एकच मात्रा, पण दिवस वेगळा, जागा वेगळी, सोबत वेगळी, की अनुभव संपूर्ण पालटतो. संशोधकांनी यासाठी दोन शब्द वापरले आहेत. त्यांना आपण मनःस्थिती आणि परिस्थिती म्हणू. मनःस्थिती म्हणजे घेणाऱ्याचा स्वभाव, त्याचे भय, त्याची अपेक्षा, त्या आठवड्यातली त्याची काळजी. परिस्थिती म्हणजे खोली, उजेड, आवाज, जवळची माणसे, आणि त्या समाजाची या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी. नॉर्मन झिनबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने १९८४ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून द्रव्य, मनःस्थिती व परिस्थिती या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय परिणाम समजत नाही, असे मांडले.

हे समजायला आपल्याला अमेरिकेस जाण्याची गरज नाही. आपल्या भागात कानबाईच्या रात्री किंवा नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येते. सभोवतालच्या बायका घाबरत नाहीत. एक तिला मागून धरते, दुसरी केस सावरते, तिसरी पाणी आणते. थोड्या वेळाने ती शांत होते आणि घरी जाऊन भाकरी थापते. हाच प्रकार तिला एकटी असताना बसस्थानकावर झाला, तर गर्दी जमेल, कोणी ओरडेल, कोणी व्हिडिओ काढील, आणि त्या बाईच्या मनावर त्याचा ओरखडा कायमचा राहील. मी अंगात येण्याचे समर्थन करीत नाही. मनाची असाधारण अवस्था भोवतालच्या माणसांवर किती अवलंबून असते, एवढेच दाखवावयाचे आहे.

विद्यार्थ्यांवर झालेला एक जुना प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, वॉल्टर पान्के या संशोधकाने बॉस्टन येथील मार्श चॅपलमध्ये धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना एकत्र बसविले. दहांना सायलोसायबिन दिले आणि दहांना नायसिन हे जीवनसत्त्व. वरच्या मजल्यावर उपासना चालू होती. तिचा आवाज खाली ऐकू येत होता. सायलोसायबिन मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी गाढ धार्मिक अनुभव आल्याचे सांगितले, आणि हा प्रयोग पुष्कळ गाजला. परंतु सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या वेळच्या विद्यार्थ्यांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात दोन गोष्टी पुढे आल्या. त्या अनुभवाचे मोल त्यांना इतक्या वर्षांनंतरही वाटत होते, ही पहिली. दुसरी अशी की, बहुतेकांना मध्ये काही काळ फार कठीण गेला होता. एक विद्यार्थी तर चॅपलबाहेर पडून रस्त्यावर गेला होता, आणि त्याला परत आणून शांत करण्याचे इंजेक्शन द्यावे लागले होते. मूळ अहवालात हा उल्लेख नव्हता.

सुशिक्षित, धर्मशील, निवडून घेतलेली मुले, हाताशी मार्गदर्शक, हाताशी औषध. आणि तरीही दहांतील एकाची ही गत झाली. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

डोंगरातील रात्र

या अळंबीची बाहेरच्या जगाला ओळख झाली ती मेक्सिकोतील वाहाका प्रांतातल्या वाउतला या गावामुळे. तेथील माझातेक लोकांत मारिया साबिना नावाची एक वैदू स्त्री होती. १९५५ च्या जूनअखेरीस गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँक अधिकाऱ्याने तिच्या घरी रात्रीच्या विधीत भाग घेतला आणि १३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा सचित्र वृत्तांत छापला.

त्या विधीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तो मौजेखातर होत नसे. घरात कोणी आजारी आहे, कोणी हरवले आहे, असे कारण लागे. आधी काही दिवस संयम पाळायचा. विधी रात्रीच, अंधारात, घरातील देव्हाऱ्यापुढे. वैदू स्त्री स्वतः अळंबी खाऊन रात्रभर गात राहणार. म्हणजे वाट दाखविणारा माणूस त्या वाटेने अनेकदा गेलेला असे. पहाट होईपर्यंत कोणी उठून बाहेर जायचे नाही.

पुढे काय झाले? लेख वाचून साठच्या दशकात तरुणांच्या झुंडी वाउतलाला येऊ लागल्या. त्यांना आजार नव्हता, प्रश्न नव्हता, संयम नव्हता. त्यांना फक्त अळंबी हवी होती. गावात पोलीस आले. गुपित परक्यांना दिल्याचा दोष गावाने मारिया साबिनावर ठेवला, तिचे घर जाळण्यात आले. परके आल्यापासून अळंबीचे बळ गेले, अशी खंत तिने उतारवयात बोलून दाखविली. १९८५ साली ती वारली. विधी वगळून वस्तू तेवढी उचलली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला आढळले नाही.

दीक्षा, सुत्या आणि अवभृथ

याच वॉसन यांनी १९६८ साली ग्रंथ लिहून वेदांतील सोम म्हणजे 'अमॅनिटा मस्कारिया' ही लाल टोपीची अळंबी होय, असे मत मांडले. (ही अळंबी वेगळी, तिच्यात सायलोसायबिन नसते.) जॉन ब्रफ यांच्यासारख्या संस्कृत पंडितांनी त्यावर आक्षेप घेतले. पुण्याचे चिं. ग. काशीकर यांनी १९९० साली सोमाच्या ओळखीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याचा माझा अधिकारही नाही. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने.

सोम कोणतीही वनस्पती असो, तो पिण्याची पद्धत आपल्या श्रौत ग्रंथांत बारकाईने दिलेली आहे. अग्निष्टोम हा सोमयागांचा मूळ नमुना. त्यात सोम कुटून त्याचा रस काढण्याचा दिवस एकच. त्याला सुत्या म्हणतात. पण त्याच्या अगोदर यजमानाने दीक्षा घ्यायची असते. वेगळ्या मंडपात राहायचे, आहार मोजका, बोलणे मोजके, वागण्याला नियम. त्यानंतर उपसदांचे दिवस. सुत्येच्या दिवशी यजमान एकटा नसतो, सोळा ऋत्विज असतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. शेवटी अवभृथ स्नान. त्यात दीक्षेची चिन्हे पाण्यात सोडून यजमान पुन्हा रोजच्या संसारात येतो.

म्हणजे आधी तयारी, मध्ये सोबत आणि शेवटी समारोप. माझातेकांच्या झोपडीतही हीच तीन अंगे दिसतात. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक आठवेल. ब्रह्मसूत्रांचा पहिला शब्द 'अथ' हा आहे, आणि शंकराचार्यांनी त्याचा अर्थ 'साधनचतुष्टय अंगी आल्यानंतर' असा लावला. विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ यांच्यानंतर जिज्ञासा. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. या भूमीला ही भाषा परकी नाही. दरवाजा उघडण्याआधी उंबरठ्यावर थांबायला आपली परंपरा शिकविते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

प्रयोगशाळेतील दीक्षा

आता आधुनिक संशोधनाकडे वळू. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलँड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी कोणीही पूर्वी असे द्रव्य घेतलेले नव्हते. दोन महिन्यांनी विचारले असता सुमारे दोनतृतीयांश लोकांनी, आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत याची गणना केली. वर्तमानपत्रांनी एवढेच उचलले. त्याच निबंधात असेही नोंदलेले आहे की, सुमारे एकतृतीयांश लोकांना त्या वेळी तीव्र भय वाटले. ते भय पार पडले, कारण त्यांना आधार द्यायला माणसे होती.

ही व्यवस्था कशी असावी याचे नियम जॉन्सन, रिचर्ड्स व ग्रिफिथ्स यांनी २००८ साली लिहून ठेवले. त्यांचा सारांश पुढे देतो.

पहिली गोष्ट निवड. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नातलगाला छिन्नमनस्कता यासारखा मनोविकार झालेला असेल, तर त्या माणसाला घ्यायचेच नाही. आपल्या वयाच्या वाचकांनी येथे थांबून विचार करावा, कारण हे विकार बहुधा अठरा ते तीस या वयातच प्रथम डोके वर काढतात. घरातील एखाद्या काकांचे वा आत्याचे 'डोके फिरले होते' हे आपल्या घरांतून झाकून ठेवतात. विद्यार्थ्याला स्वतःला ते ठाऊकही नसते. तसेच हृदयविकार, वाढलेला रक्तदाब आणि चालू औषधे पाहिली जातात. लिथियम घेणाऱ्यांना अशा द्रव्यांबरोबर झटके आल्याच्या नोंदी आहेत.

दुसरी गोष्ट परिचय. सत्राच्या आधी सोबत बसणारे दोघे जण त्या माणसाला साधारणतः चार किंवा अधिक वेळा, मिळून आठ तास भेटतात. त्याचे बालपण, दुःखे, श्रद्धा, भीती यांविषयी बोलतात. काय काय होऊ शकेल हे आधी सांगतात. भीती वाटली तर तिच्यापासून पळू नये, तिला सामोरे जावे, हे समजावतात. हेतू असा की, त्या दिवशी ती माणसे त्याला परकी वाटू नयेत.

तिसरी गोष्ट जागा आणि सोबत. दवाखान्यासारखी नव्हे, घरच्या बैठकीसारखी खोली; पलंग, डोळ्यांवर पट्टी, संगीत. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली. दोघे पूर्ण वेळ शुद्धीवर आणि शेजारी. डॉक्टर हाकेच्या अंतरावर. परिणाम पूर्ण उतरेपर्यंत बाहेर सोडत नाहीत, आणि घरी न्यायला नातलग किंवा मित्र येतो.

चौथी गोष्ट समारोप. दुसऱ्या दिवशी आणि पुढेही भेटून, जे दिसले त्याचा आयुष्याशी काय संबंध, हे शांतपणे बोलायचे.

एवढे करूनही सर्व सुरळीत होते असे नाही. औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरील अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनंतर इतरांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. पण आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणे हे प्रकार सर्वच गटांत काही रुग्णांत आढळले. आणि जेथे व्यवस्थाच नाही तेथे? २०१६ साली हॉपकिन्सच्याच संशोधकांनी, अळंबी खाऊन कठीण अनुभव आलेल्या १९९३ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ३९ टक्क्यांनी तो आयुष्यातील सर्वांत कठीण पाच प्रसंगांत मोजला. ११ टक्क्यांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला शारीरिक धोक्यात घातले होते.

आपल्याजवळ काय आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरील चारांपैकी वसतिगृहातल्या खोलीत काय आहे? निवड नाही, कारण कोणी कोणाला घरचे आजार विचारत नाही. परिचय आहे, पण सोबतही त्याच अवस्थेत. जागा अशी की केव्हाही कोणी दार वाजवील. आणि समारोप म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा तास.

त्याहून मोठी अडचण वस्तूचीच आहे. गेल्या पावसाळ्यात प्रथम वर्षाचे दोघे जण लळिंगच्या डोंगराकडून रुमालात भूछत्रे बांधून घेऊन आले. "भाऊ, चित्राशी तंतोतंत जुळतंय. खायच्या आधी काय काय करावं लागतं तेवढं सांगा," असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे घेऊन गेलो. सरांनी भूछत्र उभे चिरून पाहिले आणि सांगितले की, नुसत्या डोळ्यांनी याची जात मला सांगता येणार नाही. बीजाणूंचा ठसा घ्यावा लागेल, सूक्ष्मदर्शक लागेल, आणि तरीही खात्री नाही. ज्यांना सर ओळखू शकले नाहीत, ती एका चित्रावरून ओळखल्याची खात्री त्या दोघांना होती.

लहान तपकिरी भूछत्रे एकमेकांसारखीच दिसतात. गॅलेरिना नावाची एक जात सायलोसायबिनवाल्या अळंबीसारखी दिसते, पण तिच्यात अमॅटॉक्सिन हे जीवघेणे विष असते. या विषाची रीत फसवी आहे. सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या व जुलाब. मग एक दिवस बरे वाटते. आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. शिजविल्याने, वाळविल्याने हे विष जात नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी भाजी म्हणून खाऊन तेरा जण दगावले. ती माणसे रानाला परकी नव्हती.

माझे आजोळ चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर वारुळावर येणारी अळंबी तेथे आवडीने खातात. आजीचा नियम असा की, वर्षानुवर्षे ठाऊक असलेल्या वारुळावरची, ओळखणाऱ्या बाईने स्वतः खुडलेलीच घ्यायची. बाकी सगळी 'कुत्र्याची छत्री', तिला हातही लावायचा नाही. लसूण काळा पडतो का पाहा, चांदीचा चमचा बुडवा, किड्याने खाल्ली असेल तर चालते, या सर्व कसोट्या खोट्या आहेत. रानावर जगणारा माणूस एवढा जपून वागतो, तर वसतिगृहात राहणाऱ्याने किती जपावे?

येथे धोतऱ्याचाही उल्लेख केला पाहिजे. महाशिवरात्रीला वा रंगपंचमीला भांगेत धोतऱ्याच्या बिया घालण्याचा अघोरी प्रकार कोठे कोठे होतो. धोतऱ्याचा परिणाम अळंबीच्या जातीचा नाही. तोंड कोरडे, कातडी तापलेली, बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि माणूस पूर्ण भ्रमात. यात जीव जातो. 'नैसर्गिक आहे' हा शब्द सुरक्षिततेचा दाखला नव्हे, हे धोतऱ्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही.

शेवटी कायदा. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या अनुसूचीत सायलोसायबिनचे नाव आहे. जवळ बाळगणे, विकणे, सेवन करणे हे सर्व गुन्हे असून त्यांना तुरुंगवासाची तरतूद आहे. २०२५ च्या जानेवारीत केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना, अशी अळंबी म्हणजे 'मिश्रण' म्हणता येणार नाही, असे मत मांडले. त्यावरून 'आता अळंबीला परवानगी आहे' अशी वार्ता काही जण पसरवितात. ती चुकीची आहे. तेथे प्रश्न वजन कसे धरावे याचा होता. आपल्यापैकी कित्येक जण पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात, कित्येक जण स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन अभ्यासिकेत बसतात. चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा निघाला की चार वर्षांचे धावणे आणि घरच्यांनी कापूस विकून भरलेली फी दोन्ही वाया जाते.

यावरून उत्तर सरळ आहे. पहिल्या अनुभवासाठी जी तयारी लागते ती आपल्याकडे होऊ शकत नाही. म्हणून तो घेऊ नये. हे उत्तर मी भीतीपोटी देत नाही, तयारी म्हणजे काय हे पाहिल्यानंतर देतो.

सोबत्याचे कर्तव्य

तरीही एखाद्याने खाल्लेच, तर शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्याने काय करावे, हे सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

१. त्याला एकटे सोडू नये. गच्ची, जिना, खिडकी, रस्ता आणि मोटारसायकल यांपासून दूर, तळमजल्यावरील शांत खोलीत न्यावे. गर्दी हटवावी, एक-दोन ओळखीची, न घाबरणारी माणसे पुरेत.

२. उजेड मंद करावा, हळू बोलावे. "तू काहीतरी खाल्लं आहेस, त्याचा हा परिणाम आहे, थोड्या तासांत उतरेल, मी इथेच आहे," एवढेच पुन्हा पुन्हा सांगावे. वाद घालू नये, हसू नये, रागावू नये, व्हिडिओ काढू नये. रागवायचे ते दुसऱ्या दिवशी.

३. लिंबू, ताक, चिंच, तूप यांनी परिणाम उतरत नाही. बळजबरीने ओकारी काढू नये. वर दारू किंवा झोपेची गोळी मुळीच देऊ नये.

४. झटके, बेशुद्धी, छातीत दुखणे, अंग तापणे, श्वास अडणे, मारहाण किंवा जीव देण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवावे.

५. खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा अधिक उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ते अन्नविषबाधेसारखे समजून घरी थांबू नये. मध्ये बरे वाटले तरी शासकीय रुग्णालयात न्यावेच. उरलेली अळंबी कागदाच्या पुडीत बरोबर न्यावी.

६. डॉक्टरांपासून काही लपवू नये. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, बरोबर आणखी काय घेतले, हे खरे सांगितल्यावरच उपचार नीट होतो.

७. पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे. झोप उडाली, संशय वाढला, एकटे राहू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते.

उपसंहार

जो विद्यार्थी असा प्रश्न विचारतो तो बहुधा वाईट मुलगा नसतो. कोणाला कुतूहल असते. कोणाला घरापासून दूर आल्यावर रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखे होते, आणि आतले काहीतरी एका रात्रीत पालटावे असे वाटते. पहिल्याला माझे सांगणे आहे की, कुतूहलाला ग्रंथालयात भरपूर खाद्य आहे. दुसऱ्याला सांगणे असे की, ते दुःख खरे आहे, आणि त्यासाठी माणूस हवे, अळंबी नव्हे. प्रयोगशाळेतदेखील औषधापूर्वी आठ तास कोणीतरी त्या माणसाचे फक्त ऐकून घेते. ते आठ तास आपण एकमेकांना आजही देऊ शकतो. त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

खानदेशातून दर चैत्रात हजारो माणसे सप्तशृंगीच्या गडाला पायी जातात. निघण्यापूर्वी जुने जाणते विचारतात : सोबत कोण आहे, मुक्काम कोठे, पाण्याची सोय काय, परत केव्हा? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ नसतात त्याला ते निघू देत नाहीत. मनाच्या वाटेवर निघणाऱ्याला हेच प्रश्न विचारणे, आणि उत्तर मिळाले नाही तर त्याचा हात धरून त्याला थांबविणे, हे मित्राचे काम आहे.